ट्रॅव्हल ट्रेलरचं छत गळतंय? सीलंटची नळी इतक्यात उघडू नका

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर. त्याच्या आतल्या छतावर ओलीचा डाग दिसला की बहुतेक जण शिडी लावतात, वर चढतात, जिथे भेग दिसेल तिथे सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा चिकट लेप, थापतात आणि काम झालं म्हणून खाली उतरतात. दोन पावसांनंतर डाग परत येतो, तोही आधीपेक्षा मोठा. सीलंटला नावं ठेवून लोक दुसरी नळी आणतात. खरी चूक क्रमात असते. पाणी शिरतंय कुठून ते ठरलेलं नसतं, आतलं लाकूड ओलंच असतं आणि नवा थर ज्या जुन्या थरावर बसवला तोच मुळात सुटलेला असतो. ओल्या लाकडावर वरून पक्कं झाकण बसलं की आतली ओल बाहेर पडायला वाट उरत नाही. मग लाकूड शांतपणे कुजत राहतं.

म्हणून या लेखात सीलंट थेट आठव्या टप्प्यावर येतं. त्याआधीचं काम कंटाळवाणं आहे, पण दुरुस्ती टिकते ती त्यावरच.

## १. गळतीच आहे ना, हे आधी ठरवा

थंडीच्या दिवसांत आत स्वयंपाक, अंघोळ आणि माणसांचा श्वास यांची वाफ थंड छताला लागते आणि तिचे थेंब होतात. सकाळी खिडकीच्या काचाही ओल्या असतील तर संशय आधी या वाफेवर घ्या. एसी चालू असतानाच ठिबकत असेल तर एसीच्या तळातली पाणी जायची भोकं कचऱ्याने बुजली असण्याची शक्यता जास्त. पंप चालू केल्यावरच ओल येत असेल तर नळजोडण्या बघा.

तपासा: कोरड्या दिवशी डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. पाऊस पडून गेल्यावर डाग रेघेबाहेर गेला, तर पाणी वरूनच येतंय.

## २. छत कशाचं आहे ते ओळखा

सीलंट, टेप आणि साफ करायचं द्रव्य, तिन्ही यावर ठरतात. बऱ्याच ट्रेलरांवर पातळ प्लायवूड किंवा ओएसबी (लाकडाच्या चिपळ्या दाबून केलेला तक्ता) असतं आणि त्यावर ईपीडीएम, टीपीओ किंवा पीव्हीसीचं मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा पातळ पापुद्रा, चिकटवलेलं असतं. काहींवर फायबरग्लास असतं, जुन्या गाड्यांवर ॲल्युमिनियमचा पत्रा.

ईपीडीएम हे रबर. जुनं झालं की हात फिरवल्यावर तळव्याला पांढरी भुकटी लागते. खात्री करायची तर छतावरच्या व्हेंटची (हवा खेळायच्या झरोक्याची) आतली चौकट काढा. तिथे मेम्ब्रेनची कापलेली कड दिसते. वरून पांढरं आणि खालून काळं असेल तर ते ईपीडीएम. टीपीओ आणि पीव्हीसी हाताला प्लास्टिकसारखे लागतात आणि भुकटी फारशी सोडत नाहीत.

ईपीडीएमवर पेट्रोल, रॉकेल किंवा पेट्रोलियमयुक्त क्लीनर कधीही घालू नका. रबर फुगतं आणि खालचा गोंद सुटतो. टीपीओवर काही टेपना आधी प्रायमर लागतो, त्यामुळे तुमच्या छताचं नाव टेपच्या वेष्टनावर आहे का ते वाचून घ्या. फायबरग्लास आणि ॲल्युमिनियमसाठी पॉलियुरेथेन सीलंट बरं पडतं.

थांबा: घरात बाथरूमसाठी आणलेली सिलिकॉनची नळी छतावर नेऊ नका. सिलिकॉन मेम्ब्रेनला नीट धरत नाही हा एक त्रास. त्याहून मोठा त्रास हा की ते निघाल्यावरही मागे एक तेलकट थर ठेवतं आणि त्यावर पुढे दुसरं काहीच चिकटत नाही. पाच मिनिटांचा उपाय आणि पुढे दिवसभर खरवडणं.

## ३. सामान, हवा आणि वर चढण्याची तयारी

लागणारं सामान असं: आडव्या जागांसाठी आपोआप पसरणारं म्हणजे सेल्फ-लेव्हलिंग लॅप सीलंट (कडांवर लावायचं छताचं सीलंट), उभ्या आणि उताराच्या जागांसाठी न ओघळणारं म्हणजे नॉन-सॅग सीलंट, साधारण ३ मि.मी. जाड आणि १ इंच रुंद ब्युटिल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), ४ इंची छताची सील टेप आणि ती दाबायला हातरोलर. शिवाय स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, प्लास्टिकची खरवडणी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, भरपूर पांढरी सुती फडकी आणि दोन सुयांचा ओलावामापक. एका व्हेंटला एक नळी सीलंट धरून चाला. वर जाऊन अर्ध्यात संपलं की माणूस हात आखडता घेतो आणि नेमक्या त्याच कोपऱ्यातून पुढे गळतं.

हवा १० ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असेल, छत कोरडं असेल आणि पुढचे दोन दिवस पावसाचे नसतील तेव्हा काम काढा. पहाटे छत कोरडं दिसलं तरी त्यावर दवाचा पातळ थर असतो, तेव्हा ऊन लागून तासभर जाऊ द्या. भर दुपारी मात्र मेम्ब्रेन इतकं तापतं की गुडघे टेकवत नाहीत आणि सीलंट पाण्यासारखं पळतं.

चढण्याआधी चाकांना अडण्या लावा, चारही जॅक खाली टेका, बाहेरची वीज काढा, बॅटरीची जोडणी सोडवा. ट्रेलरला कारखान्यातूनच मागे शिडी बसवलेली असेल तर छत सहसा माणसाचं वजन पेलतं. नसेल तर मार्गदर्शक पुस्तिका बघा, आणि तिथेही उत्तर नसेल तर बाजूला शिडी लावून तिच्यावरूनच काम करा. वर गेलात तर २ × ४ फुटी प्लायवूडखाली जुनं कांबळं घालून त्यावर गुडघे टेका, म्हणजे वजन छताखालच्या दोन-तीन आडव्या फळ्यांवर विभागलं जातं. ओलं रबर साबणासारखं निसरडं असतं आणि छताला कठडा नसतो, हे वर असताना एक क्षणही विसरू नका.

## ४. पाणी शिरतं ती जागा शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. आत डाग दिसतो तिथे वर भोक असेलच असं नाही. मेम्ब्रेनखाली शिरलेलं पाणी प्लायवूडवरून सरकतं, आडव्या फळीला अडतं, वायरीच्या अंगाने वाहतं आणि जिथे आतल्या पॅनलला सांधा मिळेल तिथे टपकतं.

माझ्या ट्रेलरमध्ये डाग न्हाणीच्या छतावर होता आणि बरोब्बर वर स्कायलाइट, म्हणजे छतातली उजेडाची खिडकी. मी स्कायलाइट दोनदा सील केला. पाणी येत होतं ते पुढच्या कपाळावरच्या छोट्या खुणेच्या दिव्यातून. त्याची वायर छतातून मागे जात होती आणि ट्रेलर नाक वर करून उभा असल्यामुळे पाणी त्या वायरीवरून निवांत न्हाणीपर्यंत पोचत होतं. तेव्हापासून सुरुवात पाणसळ ठेवून करतो. ट्रेलर रोज कोणत्या बाजूला कलून उभा असतो ते कळलं की डागापासून चढाच्या दिशेने शोधायचं.

मग वर जा आणि जिथे जिथे छताला भोक पाडलेलं आहे ती प्रत्येक जागा नखाने तपासा: व्हेंटच्या कडा, स्कायलाइट, सांडपाण्याच्या नळीची टोपी, फ्रिजची धुराडी, अँटेना, शिडीचे पाय, सोलरच्या पट्ट्या, पुढची आणि मागची आडवी जोडपट्टी. सीलंटला केसाएवढ्या भेगा आहेत का, कड उचलते का, एखाद्या स्क्रूचं डोकं उघडं पडलंय का, बघा. छत तळव्याने दाबत जा. दबतं किंवा चिखलासारखं हलतं तिथे खालचं लाकूड गेलेलं आहे. प्रत्येक संशयित जागेचा फोटो काढा. खाली उतरल्यावर सगळे व्हेंट सारखेच वाटतात.

नुसतं बघून कळलं नाही, तर पाण्याची चाचणी. एक माणूस आत टॉर्च घेऊन, एक वर पाइप घेऊन. सर्वांत खालच्या जागेपासून सुरुवात करा, एका जागेवर १० ते १५ मिनिटं बारीक धार सोडा, मगच पुढच्या वरच्या जागेकडे जा. वरून सुरुवात केलीत तर ओघळणारं पाणी सगळ्या जागा एकदम भिजवेल आणि हाती काही लागणार नाही. प्रेशर वॉशर वापरू नका. तो नसलेली गळती तयार करतो.

दुसरा मार्ग हवेचा. खिडक्या, व्हेंट आणि नळ्यांची तोंडं बंद करा, गॅसची उपकरणं बंद ठेवा आणि एका खिडकीत मोठा पंखा बसवून बाहेरची हवा आत ढकला. खिडकीतली मोकळी जागा पुठ्ठ्याने बुजवा. आता बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले ती जागा फुटलेली. कोरड्या हवेत ही चाचणी पाइपापेक्षा लवकर उत्तर देते आणि आत पाणीही जात नाही.

तपासा: एक जागा सापडली म्हणून थांबू नका. एका व्हेंटचं सीलंट वयाने गेलं असेल तर त्याच दिवशी लावलेलं बाकीच्यांचंही त्याच वयाचं आहे.

## ५. उघडा आणि वाळवा

गळणारा व्हेंट किंवा टोपी पूर्ण काढा. आतून ओला पॅनल उतरवा. इन्सुलेशन (ऊन-थंडी अडवणारा आतला थर) भिजलं असेल तर काढून टाका. वाळवून परत घातलेलं इन्सुलेशन वास मारतं. काळी बुरशी दिसली तर मास्क आणि हातमोजे घालून काम करा.

आता स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने लाकूड टोचा. टोक सहज घुसत असेल तर ते लाकूड गेलं. कडक पण ओलं असेल तर वाचेल. पंखा आणि डिह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) लावून ठेवा आणि रोज एकाच जागी ओलावामापक टोचून आकडा लिहून ठेवा. १५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय काहीही बंद करू नका. २० टक्क्यांच्या वर लाकूड कुजायला पोषक असतं. हे दोन दिवसांत होईल किंवा दोन आठवडे लागतील. कॅलेंडरकडे पाहू नका, आकड्याकडे पाहा.

या काळात वरचं भोक ताडपत्रीने झाका, पण ती घट्ट बांधा. वाऱ्यावर फडफडणारी ताडपत्री मेम्ब्रेन घासून एका रात्रीत नवीन भोक पाडू शकते.

कुजलेलं लाकूड कापायचं ते जवळच्या आडव्या फळीच्या मध्यापर्यंत, म्हणजे नव्या तुकड्याच्या कडेला टेकायला जागा मिळते. नवं प्लायवूड जुन्याच जाडीचं हवं. थोडं जाड चालेल म्हणून घातलेला तुकडा मेम्ब्रेनखाली कायमचा उंचवटा होतो आणि त्याच्या कडेवर मेम्ब्रेन झिजतं. स्क्रूच्या भोकाभोवतीचं पेराएवढं लाकूड मऊ असेल तर इपॉक्सीने (सुकून कडक होणाऱ्या दोन भागांच्या गोंदाने) भागतं. हातभर कुजलेल्या जागेला इपॉक्सी पाजून काही साधत नाही.

थांबा: दबणारी जागा तीन-चार आडव्या फळ्या ओलांडून पुढे जात असेल किंवा बाजूच्या भिंतीचं फायबरग्लास फुगलेलं दिसत असेल, तर हे ठिगळाचं काम राहिलं नाही. छत पूर्ण उघडावं लागेल. ते पहिल्यांदाच करत असाल तर कारागिराला बोलवा.

## ६. जुनं खरवडा

जुनं लॅप सीलंट त्याच जातीचं आणि घट्ट बसलेलं असेल तर सगळं उपटायची गरज नाही. सुटलेले पोपडे काढा आणि स्वच्छ थरावर नवीन लावा. पण तुम्ही व्हेंट काढलाच आहे, तर त्याखालची जागा पूर्ण मोकळी करा. आधी कोणी सिलिकॉन लावलं असेल तर त्याचा कणही ठेवू नका.

खरवडणी प्लास्टिकचीच घ्या. पत्र्याची पाती हातातून एकदा निसटली की मेम्ब्रेनला चीर जाते, मग नवव्या टप्प्याचं काम वाढतं. सीलंट कडक असेल तर केस वाळवायच्या यंत्राची ऊब द्या. हीट गन जवळ धरली तर रबराला फोड येतात.

नंतर भोकाच्या चारही बाजूंना फूटभर जागा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या. शेवटी फडक्यावर अल्कोहोल घेऊन पुसा.

तपासा: नवीन पांढरं फडकं जोर देऊन फिरवा. मळ किंवा भुकटी लागली तर पुन्हा पुसा. ईपीडीएमला हे पाच-सहा वेळा करावं लागतं. कंटाळून तिसऱ्या फडक्यावर थांबलात, तर टेप भुकटीला चिकटेल आणि छत तसंच मोकळं राहील.

## ७. व्हेंट परत बसवा

पाणी अडवतं ते व्हेंटच्या काठाखालचं ब्युटिल. वरचं सीलंट हे दुसरं कुंपण. लोक नेमकं उलट समजतात आणि जुनं सुकलेलं ब्युटिल तसंच ठेवून वरून लिंपण करतात.

काठाच्या खालच्या अंगाला चारही बाजूंनी ब्युटिल टेप लावा, स्क्रूची भोकं टेपखाली येतील अशी. सांधा कोपऱ्यावर आणू नका. तो सरळ बाजूवर घ्या, तोही उताराच्या खालच्या बाजूला, आणि टोकं एकमेकांत दाबून एकजीव करा. व्हेंट भोकावर नीट धरा आणि एकदाच खाली ठेवा. ब्युटिलवर सरकवाल तर ते गोळा होतं आणि मध्ये फट राहते.

स्क्रू आलटून पालटून समोरासमोरचे आवळा. हाताने, बेताने. ड्रिलने आवळलेला स्क्रू एका झटक्यात लाकडातला आटा खातो. एखादा स्क्रू नुसताच फिरत असेल तर एक नंबर जाड स्क्रू घाला किंवा भोकात इपॉक्सी भरून, ती सुकल्यावर परत स्क्रू बसवा.

तपासा: चारही बाजूंनी ब्युटिलची बारीक कड बाहेर आली पाहिजे. जिथे आली नाही तिथे फट आहे. दुसऱ्या दिवशी स्क्रू पुन्हा थोडे आवळा, कारण ब्युटिल रात्रभरात बसतं. बाहेर आलेलं ब्युटिल प्लास्टिकच्या पात्याने कापा. ओढून काढू नका.

## ८. आता सीलंट

नळीचं तोंड काठाच्या कडेवर ठेवून सलग धार सोडा, अर्धी काठावर आणि अर्धी मेम्ब्रेनवर. मग प्रत्येक स्क्रूचं डोकं बुडेल इतका गोळा सोडा. सेल्फ-लेव्हलिंग सीलंट आपोआप पसरतं. बोटाने सारखं करायला जाऊ नका, तो थर पातळ होतो आणि पातळ थरच आधी फाटतो. दिसायला थोडं गबाळं झालं तरी हरकत नाही. छत कोणी बघायला येत नाही.

पुढच्या आणि मागच्या वळणावर हे सीलंट ओघळून खाली भिंतीपर्यंत जातं. तिथे नॉन-सॅग वापरा.

त्याच दिवशी वर साय धरते, पण आतपर्यंत सुकायला काही आठवडे लागतात. पहिले दोन दिवस ट्रेलर रस्त्यावर काढू नका.

## ९. फाटलेल्या मेम्ब्रेनला ठिगळ

फांदीने पडलेल्या चिरेला सीलंट पुरत नाही, सील टेप लागते. चिरेच्या सगळ्या बाजूंनी २ इंच पुढे जाईल एवढा तुकडा कापा आणि त्याचे कोपरे गोल करा. टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचलतो. मागचा कागद थोडाथोडा सोडवत लावा, कारण ही टेप एकदा टेकली की सोडवता येत नाही. रोलर मधून बाहेर फिरवा, अंगाचा जोर घालून. कडेने सीलंटची बारीक रेघ ओढा. एकापेक्षा जास्त पट्ट्या लागत असतील तर कौलं चढवतात तसं उताराच्या खालून वर या.

जुन्या सीलंटच्या उंचसखल गोळ्यांवरून टेप ओढू नका. खाली बोगदे राहतात आणि पाणी त्यातूनच आत येतं. ओल्या सीलंटवर तर टेप मुळीच नको.

छतभर पांढरं कोटिंग मारणं हा गळतीवरचा उपाय नाही. ते उन्हापासून मेम्ब्रेन वाचवतं, तेही गळती बंद झाल्यावर. फुटक्या सांध्यावर मारलेलं कोटिंग सांध्याबरोबरच फाटतं, आणि पुढच्या वेळी टेप चिकटवायची तर आधी तेच सोलत बसावं लागतं.

## १०. एसीखालून गळत असेल तर

छतावरच्या बहुतेक एसी १४ × १४ इंची भोकावर फोमच्या गॅस्केटवर (फट बुजवणाऱ्या दाबपट्टीवर) बसतात आणि आतून चार बोल्टनी आवळल्या जातात. इथे सीलंट लागतच नाही. आतलं झाकण काढून बोल्ट ढिले झालेत का बघा आणि तिरपे, थोडेथोडे आवळा. नवं गॅस्केट साधारण निम्म्या जाडीपर्यंत दबलं की पुरे. त्यापुढे आवळलंत तर फोम मरतो आणि छतही वाकतं. गॅस्केट आधीच चपटं झालेलं असेल तर बदलाच. एसी ३० ते ४५ किलोची असते, ती एकट्याने उचलू नका. बाहेरून कडेला सीलंट लावणं टाळा. गॅस्केट गेलेलं कळत नाही आणि पुढच्या वेळी एसी उचलताना मेम्ब्रेन फाटतं.

## ११. कडा आणि पन्हळ

छत आणि भिंत जिथे मिळतात तिथल्या पट्टीत एक प्लास्टिकची पट्टी सरकवलेली असते. ती ओढून काढा. आतले स्क्रू गंजलेले असतील तर पाणी त्यांच्याच वाटेने शिरतंय. स्क्रू बदला, पट्टीची वरची कड खरवडून नव्याने सील करा, प्लास्टिकची पट्टी नवी घाला. वरच्या दिव्यांच्या कडाही याच फेरीत करून टाका. पन्हळीची तोंडं मोकळी आहेत ना, तेही बघा. तुंबलेल्या पन्हळीतलं पाणी उलटं आत येतं.

## १२. चाचणी, आणि मगच आतून बंद

दोन दिवसांनी पाइपाची चाचणी पुन्हा करा, चौथ्या टप्प्यातल्याच क्रमाने. आत ओल आली नाही तरी पॅनल लगेच बसवू नका. दोन-तीन मोठे पाऊस जाऊ द्या, प्रत्येकानंतर ओलावामापकाचा आकडा घ्या. तो चढत नसेल तर नवीन इन्सुलेशन घाला.

पॅनल स्क्रूंनी बसवा, गोंदाने नाही. पुढे कधी आत डोकवावं लागलं तर चार स्क्रू काढून काम होईल. छतावरची प्रत्येक कड दर तीन महिन्यांनी आणि प्रत्येक लांबच्या प्रवासानंतर नखाने तपासा. आधी काढलेले फोटो सोबत ठेवा, कुठली भेग नवी आणि कुठली जुनी ते ओळखता येतं.